पाशाच्या अंगणातल्या तिघी

एबल थ्रॉस्बीनं अर्धं जग चित्रात काढलं होतं आणि पाहिलं त्यातलं काहीच नव्हतं. बायको जिवंत असताना एकदा तो टेम्स नदीतून ग्रेव्ह्जएंडपर्यंत गेला होता, आणि तेवढ्यातही त्याला बोट लागली होती. नंतर त्यानं प्रवासाचं नाव काढलं नाही. तरीही लॅम्बेथमधल्या पिलबीमच्या छापखान्यात, उत्तरेच्या खिडकीखालच्या टेबलाशी बसून, त्यानं अथेन्सची देवळं काढली, कैरोच्या मशिदी काढल्या, ग्रानाडाच्या महालातले खांब काढले. कैरोत ऊन कुठल्या बाजूनं येतं असं कुणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, "गिऱ्हाईक म्हणेल त्या बाजूनं."

धंदाच तसा होता. राणी गादीवर येऊन दहा-एक वर्षं झाली होती आणि खात्यापित्या घरांना परदेशाचं वेड लागलं होतं. ज्यांना जाता येई ते जात आणि चित्रं काढून आणत. ज्यांना जाता येत नसे ते त्या चित्रांची पुस्तकं विकत घेऊन दिवाणखान्यात मांडून ठेवत. मधलं काम थ्रॉस्बीचं. मूळ चित्र आरशासमोर धरायचं, आणि आरशात दिसतं तसं, म्हणजे उलटं, तेलकट खडूनं गुळगुळीत दगडावर उतरवायचं. मग छापणारे त्यावर डिंक आणि तेजाब लावत, शाईचा रूळ फिरवत, आणि कागदावर चित्र सुलटं उमटे. दगडावर बोट टेकलं तर बोटाचा ठसा छापला जाई, बोलताना थुंकी उडाली तर डाग पडे. त्यामुळे या धंद्यातली माणसं कमी बोलत. थ्रॉस्बी तर फारच कमी बोलायचा, आणि त्याचं कारण दर वेळी दगडच असायचा असं नाही.

एका गोष्टीत मात्र त्याचा हात धरणारा लंडनमध्ये कुणी नव्हता. हौशी चित्रकारांना इमारती जमत, माणसं जमत नसत. त्यांची माणसं बटाट्याच्या पोत्यांसारखी दिसत, किंवा मग ते शहाणपणानं काढतच नसत. अशा वेळी दगडावर काढणाऱ्यानं आपल्या मनानं माणसं घालायची, असा रिवाज होता. हुक्का ओढणारा म्हातारा, घागरवाली, उंटाशेजारी पेंगणारा पोरगा. यात कुणी खोटेपणा मानत नसे, स्वयंपाकात मीठ घालावं तितकं ते साधं होतं. थ्रॉस्बीची माणसं जिवंत दिसत. तरुणपणी त्यानं एक मोठं तैलचित्र रंगवून प्रदर्शनाला पाठवलं होतं, ते न लावताच परत आलं होतं. त्या दिवसापासून त्याचा सगळा अभिमान त्या बोटभर उंचीच्या माणसांत जाऊन बसला होता. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव असे, आणि उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'दगडावर: ए. थ्रॉस्बी'. ते वाचायला भिंग लागायचं. त्याच्याकडे भिंग होतं.

घरात तो आणि त्याची मुलगी केझाया, एवढी दोघंच. केझायाही पिलबीमकडेच कामाला होती, वरच्या मजल्यावर रंगाच्या खोलीत. छापलेल्या कागदांवर तिथं हातानं रंग भरत. लांब टेबलाभोवती बायका बसत, प्रत्येकीचा रंग ठरलेला; एकीनं आभाळाचा निळा लावून कागद पुढं सरकवायचा, दुसरीनं झाडांचा हिरवा. केझायाचा हात सगळ्यांत हलका, म्हणून चेहऱ्यांचा रंग तिच्याकडे.

तर या छापखान्यात एके दिवशी मिस डेलमार आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या, बूट चिखलानं भरलेले. बॉस्फरसच्या काठावरचे महाल काढत त्यांनी कॉन्स्टँटिनोपलला एक अख्खा हिवाळा घालवला होता, आणि आता त्याचं पुस्तक निघायचं होतं. असल्या बायका बहुधा पिलबीमच्या काचेच्या खोलीत बसून चहा घेत आणि तिथूनच परत जात. या मात्र सरळ थ्रॉस्बीच्या टेबलाशी आल्या आणि शेजारचं स्टूल ओढून बसल्या.

"मिस्टर थ्रॉस्बी, या एका चित्राबद्दल मला तुमच्याशीच बोलायचंय."

चित्र सुरेख होतं. संगमरवरी अंगण, मधे कारंजं, कडेनं कमानी, एका कोपऱ्यात लिंबाचं झाड. माणूस एकही नाही.

"हे तिथल्या एका पाशाच्या, म्हणजे बड्या तुर्की सरदाराच्या, घरातलं आतलं अंगण," मिस डेलमार म्हणाल्या. "बायकांचं. तिथं परक्या पुरुषाची सावलीसुद्धा पडत नाही. मला आत घेतलं ते एका अटीवर. भिंती काढ, झाडं काढ, पण घरातलं माणूस काढायचं नाही. खरी काढायची नाहीत आणि मनची घालायचीही नाहीत, कारण बघणाऱ्याला काय कळणार कोण खरं आणि कोण मनचं? निगार म्हणून एक म्हातारी कारभारीण आहे, ती पाशाच्या आईपाशी माझ्यासाठी जामीन राहिली. मी काढत असले की शेजारी बसायची. कुणी अंगणात आलं की माझ्या हातावर हात ठेवायची, आणि मी पेन्सिल खाली ठेवायची."

"म्हणजे अंगण रिकामं ठेवायचं."

"अगदी रिकामं. मला माहीत आहे, तुमच्याकडे माणसं घालायची पद्धत आहे. म्हणून मुद्दाम आले. मी शब्द दिलाय."

"माझ्या हातून तिथं चिटपाखरू शिरणार नाही, बाईसाहेब," थ्रॉस्बी म्हणाला.

त्या हसल्या आणि जाताना त्यांनी हात पुढं केला. मोठ्या घरची बाई दगडावर काढणाऱ्याचा तेलकट हात हातात घेत नाही. यांनी घेतला. थ्रॉस्बी दिवसभर त्याच कौतुकात होता.

अंगण दगडावर निम्मं उतरलं होतं तेव्हा पिलबीम मागं येऊन उभा राहिला. पिलबीम गोल, गुटगुटीत, सदा आनंदी. नोकरांवर ओरडायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"हे काय हो थ्रॉस्बी? घर भाड्यानं द्यायचंय की काय?"

"मूळ चित्र तसंच आहे, मालक."

"अहो, बायकांचा महाल, आणि त्यात बाई नाही! लोक काय कारंजं बघायला पुस्तक घेणार? या पुस्तकातलं हे एक पान असं आहे की ज्याच्यासाठी नवरे बायकोला न विचारता पाकीट काढतील. आणि तुम्ही तिथं लिंबाचं झाड घेऊन बसलाय."

"बाईंनी…" थ्रॉस्बी म्हणाला आणि थांबला.

"बाईंनी काय?"

इथं सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पिलबीम काही राक्षस नव्हता, कुरकुरला असता, कदाचित ऐकलंही असतं. पण त्याच वेळी थ्रॉस्बीच्या नजरेसमोर ते रिकामं अंगण होतं, आणि कारंज्याच्या कडेला कोण कशी बसेल हे त्याला कधीचं दिसायला लागलं होतं. हात शिवशिवत होता.

"बाईंनी माणसं काढलेली नाहीत," तो म्हणाला.

"त्यांना जमत नाहीत म्हणून. मग तुम्हाला मी कशाला ठेवलंय? तुमच्यासारखी माणसं काढतो कोण लंडनमध्ये?" पिलबीमनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तीन घाला. एखादी लोळणारी असू द्या."

"छापण्याआधी बाईंना एकदा दाखवायला हवं."

"त्या भावाकडे गेल्यात, यॉर्कशायरला. पुस्तक हातात पडलं की बघतील आणि खूश होतील."

खरं सांगायचं तर थ्रॉस्बीला आनंद झाला. हुकूम मालकाचा, म्हणजे पाप मालकाचं, आणि चित्र आपलं. त्यानं दोघी भराभर काढल्या. एक कारंज्यात बोटं बुडवून बसलेली, दुसरी तिच्या केसांशी खेळणारी. तिसरी, लोळणारी, काही केल्या जमेना. मान अवघडलेली दिसे.

रविवारी चर्चहून आल्यावर, जेवण झाल्यावर, केझाया शेकोटीपाशी खुर्चीत पेंगत होती. दंडावर डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं. शेकोटीची धग लागत होती म्हणून तिनं गळ्याचं बटण काढलं होतं. आठवडाभर चित्रांवर वाकून दमलेली पोर. थ्रॉस्बीनं आवाज न करता कागद घेतला. मान कशी पडते, ओठ कसे सुटतात, सगळं उतरवलं. इतकं चांगलं चित्र त्यानं आयुष्यात काढलं नव्हतं. सोमवारी तो चेहरा आणि ती मान दगडावर गेली. खाली त्यानं ढिली रेशमी चोळी घातली, एक पाय उघडा ठेवला, पायातली सपात सुटून गालिच्यावर पडलेली. आरसा काही लावला नाही. चेहऱ्याची डावी बाजू उजवीकडे गेली तर कुणाला कळणार होतं?

रंगाच्या खोलीत सगळ्यांना कळलं. कागद निळ्याकडून हिरव्याकडे, हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकत केझायापर्यंत आला. तिनं ब्रश बुडवला आणि तो तसाच धरून राहिली. केझायाच्या डाव्या गालावर तीळ होता, चित्रातलीच्या उजव्या. पण माणूस स्वतःचा चेहरा आरशातच बघतो. चित्रातली ती रोज सकाळी आरशात दिसणारी केझायाच होती, जशीच्या तशी.

"काय गं, रंग वाळला की काय तुझा?" मुकादमीण मिसेस यॅप म्हणाली. मग तिनं चष्मा नाकावर चढवून कागदाकडे पाहिलं, केझायाकडे पाहिलं. "अगं बाई! तीळ इकडचा तिकडे गेलाय, एवढंच. पाशाकडं कधी जाऊन आलीस गं? आम्हाला पत्ता नाही!"

"पगार काय देतो पाशा?" निळं आभाळ लावणारी म्हणाली.

"पगार कसला! जोडेसुद्धा धड देत नाही, बघ एकच पायात आहे."

सगळ्या खिदळल्या. त्या काही वाईट नव्हत्या, दिवसभर वाकून पाठी मोडलेल्या बायकांना हसायला काहीतरी लागतं. केझायाही हसली. आणि मग तिनं त्या चेहऱ्याला गुलाबी रंग लावला, आणि पुढच्या कागदावरच्या, आणि त्याच्या पुढच्या. पुस्तक गाजलं. गठ्ठे येतच राहिले, आणि दिवसचे दिवस ती आपल्याच उघड्या गळ्याला रंग लावत बसली.

स्ट्रँडवरच्या एका पुस्तकवाल्यानं ते पान चौकटीत घालून काचेत मांडलं होतं. शनिवारी थ्रॉस्बी मुद्दाम बघायला गेला. काचेपुढं घोळका होता. त्याची छाती फुगली. आयुष्यात प्रथमच त्याच्या चित्रापुढं लोक थांबले होते. तो हळूच मागं जाऊन उभा राहिला.

"ती उजवीकडची बघ," कारकून दिसणारा एक जण सोबत्याला म्हणाला. "झोपलीय म्हणे. मला नाही वाटत झोपलीय."

"तुला बोलावतीय," दुसरा म्हणाला. त्यापुढं तो जे बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही.

थ्रॉस्बीला ओरडावंसं वाटलं, की अरे, ती माझी पोरगी आहे, चर्चहून येऊन दमून झोपली होती. पण असं ओरडणारा बाप आधी स्वतःचंच तोंड कुठं लपवणार? तो घोळक्यातून मान खाली घालून निघाला.

घरी केझाया भांडी पुसत होती.

"बाबा, मला झोपेत काढलेला कागद कुठाय?"

त्यानं कपाटातून काढून दिला. तिनं तो नीट पाहिला आणि शेकोटीत टाकला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "बटण मी उकडत होतं म्हणून काढलं होतं. घरात होते म्हणून."

याहून जास्त ती कधी काही बोलली नाही. फक्त त्यानंतर ती त्याच्यासमोर खुर्चीत कधी पेंगली नाही. कितीही दमली असली तरी ताठ बसायची, आणि झोप आली की उठून आपल्या खोलीत जाऊन कडी लावायची. ती कडी वाजली की थ्रॉस्बीला धरणी पोटात घेईल तर बरं असं होई.

हिवाळा सरता सरता मिस डेलमार पुन्हा आल्या. थ्रॉस्बीनं त्यांना दारातच पाहिलं आणि भिंगात डोळा खुपसला. त्या येऊन त्याच स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

"वकिलातीतल्या कुणी तरी पुस्तकाची एक प्रत पाशाला पाठवली," त्या म्हणाल्या. "कौतुक म्हणून. निगारला घराबाहेर काढलं, मिस्टर थ्रॉस्बी. लहानपणी आली होती ती त्या घरात. तिला दुसरं घरच नाही. एका कोळ्याच्या पडवीत पडलेली असते असं कळलं."

थ्रॉस्बी भिंग फडक्यानं पुसत राहिला.

"तुम्हाला मालकांनी सांगितलं असेल."

"हो," तो म्हणाला.

"मला वाटलंच. तुम्ही शब्द दिला होतात, तुम्ही आपल्या मनानं असं करणार नाही." त्यांनी हे इतक्या सरळपणानं म्हटलं की त्याला वर बघवेना. "ऐका. दुसरी आवृत्ती निघतेय. तिच्यात हे अंगण रिकामं असलं, तर ते पान घेऊन मी स्वतः जाईन. पाशाच्या आईपुढं ठेवीन. सांगेन की माझं चित्र हे असं आहे, त्या तिघी लंडनच्या, तुमच्या घरातलं कुणी मी दाखवलं नाही. ती बाई कडक आहे, पण न्यायाची आहे. निगारला परत घेईल. त्या तिघींना दगडावरून काढून टाकता येईल का?"

येत होतं. तीक्ष्ण पात्यानं दगड खरवडला की तिथलं चित्र जातं, पांढरं राहतं. धंद्यात शिरलेल्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण काचेआडून पिलबीम बघत होता, आणि पुस्तक त्या तिघींवरच चाललं होतं.

"दगडावर एकदा उमटलं की निघत नाही, बाईसाहेब," थ्रॉस्बी म्हणाला.

त्या काचेच्या खोलीत गेल्या, नवा दगड करा म्हणाल्या. पिलबीम हात जोडल्यासारखं करून हसत होता, ते थ्रॉस्बीला दिसलं. "आमचा सगळ्यांत जुना माणूस सांगतोय ना, निघत नाही म्हणून. आणि आता नवा दगड करायचा तर वेळ कुठाय?" जाताना मिस डेलमार पुन्हा टेबलाशी थांबल्या.

"तुम्हीही मनाला लावून घेतलंय, दिसतंय मला," त्या म्हणाल्या आणि गेल्या. पिलबीमनं काचेतून थ्रॉस्बीकडे पाहून मान हलवली, शाबास म्हणावं तशी.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दगड मांडणीवरून खाली आला. छापण्याआधी तो एकदा तपासायचा, कुठं झिजला असेल तर दुरुस्त करायचा, हे थ्रॉस्बीचंच काम. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो दगडापाशी एकटाच होता. त्यानं पातं काढलं आणि केझायाचा चेहरा खरवडायला घेतला. ओठ गेले, गाल गेले, तीळ गेला, गळा गेला. डोळ्यांखाली सगळं पांढरं झालं, तुर्की बायका बाहेर पडताना तोंडावर पातळ कापड घेतात तसं. काम सफाईचं झालं होतं. एवढं एक 'दगड झिजला होता' म्हणून खपून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

मग त्यानं पातं दुसरीच्या चेहऱ्यावर टेकवलं. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली, त्यानं पातं खिशात घातलं. पावलं दुसरीकडे निघून गेली. जेवणाची सुट्टी संपायला भरपूर वेळ होता. दगडापाशी कुणी नव्हतं, पातं खिशात होतं, आणि त्यानं ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

पिलबीमला ते आवडलंच. "एकीनं तोंड झाकलं तर लोक दोनदा बघतील!" तो म्हणाला.

नवे कागद रंगाच्या खोलीत गेले त्या दिवशी जिन्यावर केझाया भेटली तेव्हा तिनं बापाच्या दंडाला नुसता हात लावला. संध्याकाळी त्याच्या आवडीची वाम मासळी आणून तिनं कालवण केलं. थ्रॉस्बी पोटभर जेवला. सगळं मिटलं असं त्याला वाटलं, इतका हा माणूस भोळा किंवा निगरगट्ट होता.

दोन-चार दिवसांनी त्याला वर बोलावणं आलं. रंग पसंत करायला मिस डेलमार रंगाच्या खोलीत आल्या होत्या; चित्रकाराला तेवढा मान असे. तो गेला तेव्हा त्या केझायाच्या मागं उभ्या होत्या आणि अंगणाचं नवं पान त्यांच्या हातात होतं. पहिल्या आवृत्तीतल्या चित्रातली रेघ न् रेघ त्यांनी पुन्हा पुन्हा बघून पाठ केली होती. त्यांचं बोट झाकलेल्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी केझायाकडे पाहिलं, तिच्या गालावरच्या तिळाकडे पाहिलं.

"ही तुमची कोण?" त्यांनी थ्रॉस्बीला विचारलं.

"मुलगी."

खोलीत ब्रश थांबले होते.

"दगडावर एकदा उमटलं की निघत नाही, असं म्हणाला होतात तुम्ही मला."

मिस डेलमारनी कागद हळूच टेबलावर ठेवला, ओल्या रंगाला बाही लागू नये याची काळजी घेत. हातमोजे चढवले. त्यांच्या डोळ्यांत राग दिसावा म्हणून तो वाट बघत होता, पण त्या आता त्याच्याकडे बघतच नव्हत्या. आधी त्यांनी त्याला हात दिला होता. आज जिना उतरताना, वाटेत ठेवलेल्या खोक्याला वळसा घालावा तसा त्याला वळसा घालून त्या गेल्या.

"त्या काय म्हणत होत्या, बाबा?" घरी आल्यावर केझायानं विचारलं.

त्यानं सांगितलं. आयुष्यात प्रथमच त्यानं कुणाला तरी सगळं सांगितलं: शब्द, अट, निगार, कोळ्याची पडवी, पाशाची आई. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

"म्हणजे मला काढलंत, आणि त्या दोघींना ठेवलंत," ती म्हणाली.

"तू माझी पोरगी आहेस."

"आणि त्या म्हातारीला त्या तिघींमुळं बाहेर काढलं. तिघींमुळं, बाबा. माझं तोंड झाकून तिला काय मिळालं?" तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं."

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी कामाला गेली. तिचा हात हलका असला तरी त्या दिवशी तिनं तो जड केला. पांढऱ्यात थोडा राखाडी कालवून, संगमरवराचा घट्ट रंग करून, तिनं कागदामागून कागद घेतले आणि तिघींवर तो फासला. कारंज्यात बुडलेली बोटं गेली, गालिच्यावरची सपात गेली. काळ्या रेघा झाकेपर्यंत तिनं थरावर थर चढवले. अंगण ओबडधोबड दिसू लागलं, पण रिकामं झालं. कागद तिच्यापुढं कुणाकडे जायचाच नव्हता. चेहऱ्यांचा रंग शेवटचा. संध्याकाळी एक पान गुंडाळून तिनं शालीखाली घेतलं आणि मिस डेलमार उतरल्या होत्या त्या घरी जाऊन हातात दिलं.

सकाळी मिसेस यॅपनं गठ्ठा उघडला आणि ती किंचाळलीच. पिलबीम वर आला, थ्रॉस्बीलाही बोलावलं. टेबलावर पानंच पानं पसरली होती, सगळी डागाळलेली, सगळी रिकामी. पिलबीमचा चेहरा पहिल्यांदाच कुणी आनंदाशिवाय पाहत होतं.

"कुणी केलं हे?"

पिलबीम थ्रॉस्बीकडे वळला.

"थ्रॉस्बी, हे अंगण रिकामं ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं? बाईंचं काही म्हणणं होतं का? तुम्हाला काही ठाऊक आहे?"

खोलीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. बाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे. मी शब्द मोडला. ही पोर माझंच राहिलेलं काम करतेय. एवढं सांगायचं होतं. थ्रॉस्बीनं टेबलाच्या कडेला वाळलेला निळा रंग नखानं उकरायला सुरुवात केली.

"मी केलं," केझाया म्हणाली. "एक पान बाईसाहेबांना देऊनही आले. मालक, तुम्ही पोलीस बोलावणार असाल तर मी इथंच बसते."

पिलबीम पोलीस कशाला बोलावतो? बोभाटा झाला असता. त्यानं तिला तिथल्या तिथं काढून टाकलं, आणि असली कारागीर पुन्हा कुठल्या छापखान्यात पाय ठेवणार नाही हे बघतो, असंही सांगितलं. केझायानं आपले ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले. मिसेस यॅपनं तिच्या खांद्यावर शाल घातली. बाप आता दारापाशी जाऊन उभा होता. ती त्याच्यापाशी थांबली. ती काहीही बोलली असती तरी त्यानं ते मुकाट्यानं घेतलं असतं.

"बाबा, संध्याकाळी येताना पाव आणा," ती रोजच्याच आवाजात म्हणाली. "मी पुढं होऊन चूल पेटवते."

"आणतो," थ्रॉस्बी म्हणाला. त्या सकाळी त्या खोलीत तो बोलला तो एवढा एकच शब्द.